त्यातलं कळणारी माणसं

मराठीत माणसाला मोठेपण द्यायचं तर पदवी, पगार, बंगला ह्यांतलं काही लागत नाही. "त्यांना त्यातलं कळतं हो!" एवढं एक वाक्य पुरतं. पेटीतला आंबा आतून डागी आहे का, मुलीला सांगून आलेलं स्थळ कसं आहे, जुनी स्कूटर घ्यावी की नको, बाईंचा निषाद लागला की नुसताच लागल्यासारखा वाटला... प्रत्येक बाबतीत 'त्यातलं कळणारे' एक गृहस्थ आळीत असतातच. त्यांना बोलावतात, चहा पाजतात, आणि ते नुसते "हं" म्हणाले की त्यातून काय समजायचं ते सगळे समजतात. मला आजवर कुणी कशासाठीही असं बोलावलेलं नाही. "तुम्हांला त्यातलं काही कळत नाही," हे वाक्य मात्र मी घेवड्यापासून वेदान्तापर्यंत सर्व विषयांच्या संदर्भात घरातल्या घरात ऐकत आलो आहे. तेव्हा 'त्यातलं कळणं' म्हणजे नेमकं काय, ह्याबद्दल मला कुतूहल असणं स्वाभाविक आहे.

आपल्याकडे म्हणतात, कान सोनारानेच टोचावेत. म्हण मोठी शहाणी आहे. फक्त सोनार कोण ते आधी ठाऊक हवं. कानांच्या बाबतीत अडचण नाही, दुकानावर पाटी असते. पण मुलाला कसं वाढवावं, भावावर दावा लावावा की वडिलार्जित चार पोफळी सोडून द्याव्यात, राज्य कुणाच्या हाती द्यावं, ह्यांचा सोनार कुठल्या आळीत बसतो? पेन्शनीत निघाल्यावर प्लेटोच्या संवादांची भाषांतरं हाती लागली, आणि पाहतो तो काय, चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्सच्या बाजारात एक अनवाणी गृहस्थ नेमका ह्याच सोनाराचा पत्ता विचारत हिंडत होता.

ग्रीकांचा ह्यासाठी शब्द होता 'तेख्ने'. टेक्निक, टेक्निकल, टेक्नॉलॉजी ही सगळी त्याचीच पतवंडं. पण पणजोबांचं घर मोठं होतं. जोडे शिवणं, गलबत हाकणं, ताप उतरवणं, वीणेसारखं ते त्यांचं लायर वाजवणं, संगमरवरातून देव बाहेर काढणं, हे सगळं त्या एका शब्दात गुण्यागोविंदाने नांदत असे. कला वेगळी आणि कारागिरी वेगळी, कलेला हार आणि कारागिरीला रोजंदारी, असा भेद शब्दात नव्हता. समाजात होता. हाताने काम करणाऱ्याला वरच्या लोकांत फारशी किंमत नव्हती. त्या बाबतीत ग्रीक लोक आपल्याला अगदी घरच्यासारखे वाटतात.

सॉक्रेटिस स्वतः अशाच घरचा. वडील पाथरवट, आई सुईण. उठताबसता त्याच्या तोंडी मोची, परीट, आचारी आणि वैद्य. 'गॉर्जियस' नावाच्या संवादात कॅलिक्लिस हा खानदानी तरुण त्यामुळे भलताच वैतागतो. राज्य कुणी करावं ह्यावर बोलणं चाललेलं असतं, आणि हा प्राणी जोड्यांवरून हलायला तयार नसतो. सिमॉन नावाच्या मोच्याच्या दुकानात सॉक्रेटिसची बैठक असे, अशी एक जुनी कथाही आहे. विसाव्या शतकात अथेन्सच्या बाजारचौकाच्या कडेला उत्खनन झालं, तेव्हा एका घरात जोड्यांचे खिळे, हाडाच्या बारीक कड्या आणि 'सिमॉनचा' अशी अक्षरं कोरलेला फुटका पेला सापडला. तोच हा सिमॉन का, ह्यावर पंडितांनी खुशाल भांडावं. भांड्यावर नाव घालून ठेवणारा माणूस शेजारी सॉक्रेटिस बसवून घेण्याइतका व्यवहारी होता, एवढं मला पुरे आहे.

ह्या सॉक्रेटिसच्या एका मित्राने डेल्फीच्या देवाला कौल लावला. सॉक्रेटिसहून शहाणा कुणी आहे का? देवाने सांगितलं, नाही. दुसरा कुणी असता तर कौल छापून वाटला असता. हा तो तपासायला निघाला. आधी पुढाऱ्यांकडे गेला, तिथे लवकरच आटोपलं. मग कवींकडे. कविता चांगल्या होत्या, पण त्यांचा अर्थ कवी सोडून बाकी सगळ्यांना बरा सांगता येत होता. शेवटी कारागिरांकडे गेला, आणि इथे मात्र तो प्रांजळपणे मान्य करतो की ह्या लोकांना खरोखरच काहीतरी येत होतं. त्याला न येणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यांना येत होत्या. घोटाळा एवढाच की आपल्याला जोडा येतो, तेव्हा जोड्याहून मोठ्या गोष्टीही येत असणारच, असं प्रत्येकाला वाटत होतं.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या घोळक्यात एक निवृत्त इंजिनियर आहेत. आयुष्यभर पूल बांधले, आणि त्यांचा एकही पूल पडलेला नाही. त्या भांडवलावर ते आता आहारशास्त्र, काश्मीर, पाकिस्तानची गोलंदाजी आणि ख्यालगायकी ह्यांवर बोलतात. त्यांना मध्येच तोडणं आम्हां कुणालाच जमत नाही, कारण पूल खरोखरच उभे आहेत.

सॉक्रेटिस अशांना तोडत असे. परिणाम व्हायचा तो झाला. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला तेव्हा फिर्यादी तीन होते. त्याच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे एक कवींच्या वतीने चिडलेला, एक कारागिरांच्या आणि पुढाऱ्यांच्या वतीने, तर एक वक्त्यांच्या वतीने. म्हणजे दुखावलेली एकही युनियन प्रतिनिधित्वावाचून राहिली नव्हती.

ह्या मंडळींत माझा सगळ्यांत लाडका म्हणजे हिप्पियस. हा एकदा ऑलिंपियाच्या जत्रेला गेला तो अंगावरची यच्चयावत वस्तू स्वतःच्या हाताने केलेली घालून. बोटातली अंगठी ह्याने घडवलेली, शिक्का ह्याने कोरलेला, अंग खरवडायची पट्टी ह्याची, तेलाची कुपी ह्याची, जोडे ह्याने शिवलेले, अंगरखा आणि वरचं वस्त्र ह्याने विणलेलं, आणि कमरेचा पट्टा महागड्या इराणी पट्ट्यांच्या धर्तीवर ह्यानेच गुंफलेला. शिवाय काखेत स्वतः रचलेली महाकाव्यं आणि शोकनाट्यं होतीच. असा पाहुणा घरी आला तर त्याला पाणी द्यायलासुद्धा भीती वाटेल. भांडं हातात घेऊन म्हणायचा, "डाग जरा कच्चा आहे."

ह्या हिप्पियसला सॉक्रेटिस एक साधा प्रश्न विचारतो. मुद्दाम हळू धावणारा धावपटू बरा, की ज्याला जोरात धावताच येत नाही तो? अर्थात मुद्दाम हळू धावणारा. मुद्दाम बेसूर गाणारा गवई बरा, की न कळत बेसूर होणारा? तोही मुद्दामवालाच. मग मुद्दाम खोटं बोलणारा, मुद्दाम अन्याय करणारा माणूस हा नकळत करणाऱ्यापेक्षा बरा म्हणायचा का? इथे हिप्पियसचा अंगरखा, पट्टा, महाकाव्य काही कामाला येत नाही. तो म्हणतो, हे काही पटत नाही. आणि गंमत म्हणजे सॉक्रेटिसही म्हणतो, मलाही पटत नाही. संवाद तिथेच संपतो. पण काटा मोडून राहतो. कुठलीही विद्या दोन्ही बाजूंनी चालते. रोग हटवण्यात जो सर्वांत तरबेज, विष घालण्यातही तोच सर्वांत तरबेज. हिशेबात बेमालूम घोळ घालायचा तर हिशेबनीसच लागतो, ते माझ्यासारख्याचं काम नव्हे. अंगात कसब आहे एवढ्यावरून ते कुठे लागेल ते कळत नाही. कसबाला स्वतःचं असं मत नसतं.

तोतया सोनार कसा ओळखायचा, ह्यावर 'गॉर्जियस'मध्ये प्लेटोने बरंच पीठ दळलं आहे. हा गॉर्जियस मोठा वक्ता. त्याची फुशारकी अशी, की त्याचा भाऊ वैद्य, पण रोगी औषध घ्यायला किंवा डाग द्यायला कबूल होईना म्हणजे त्याला कबूल करायचं काम वैद्याला नाही, आपल्याला जमे. सॉक्रेटिस म्हणतो, खरी तेख्ने असेल तर तिला आपल्या करण्याचं कारण सांगता आलं पाहिजे. नुसतं जमतं, लोक खूश होतात, ह्याला तेख्ने म्हणायचं नाही, तो एक सराव झाला. आणि उदाहरण कशाचं? स्वयंपाकाचं! वैद्य पथ्य सांगतो, आचारी जिभेचे लाड पुरवतो. लहान मुलांचं न्यायमंडळ बसवलं आणि पुढे वैद्य व आचारी उभे केले, तर निकाल काय लागेल ते सांगायला नकोच. वैद्य उपाशी मरेल.

मी हा भाग मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वाचून दाखवला.

"कोण म्हणतो असं?" आतून आवाज आला.

"प्लेटो. फार मोठा तत्त्वज्ञ."

"अहो, त्याला विचारा, जेवायला कुणाकडे होता? स्वयंपाकाला कारण नसतं म्हणे! फोडणीत मोहरी तडतडल्यावरच हिंग का घालायचा ते सांगू का त्याला?"

मी तिची समजूत घालण्यासाठी प्लेटोच्याच शिष्याला बोलावलं. "अगं, ॲरिस्टॉटल थोडा वेगळं म्हणतो. तो म्हणतो, काही कामं अशी असतात की त्यांची पारख करणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्याला जास्त. घर कसं आहे ते गवंड्यापेक्षा राहणारा जाणतो, सुकाणू कसं आहे ते सुतारापेक्षा तांडेल जाणतो, आणि पंगत कशी झाली..."

"ते?"

"ते आचाऱ्यापेक्षा जेवणारा."

आत क्षणभर शांतता पसरली. मग झाकण पडल्याचा आवाज आला. "म्हणजे तुम्हांला जास्त कळतं म्हणायचं," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात त्या दोघांपैकी प्लेटोला जरा बरे दिवस आहेत.

विनोद सोडा, पण ॲरिस्टॉटलने हे 'राज्यशास्त्र' ह्या ग्रंथात लिहिलं आहे, आणि वाद पंगतीचा नसून राज्याचा आहे. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्याला कळत असेल, तर राज्य कुठे चावतं ते कुणाला कळेल? अथेन्सची तऱ्हा मोठी मजेदार होती. सभेत जहाजबांधणीचा विषय निघाला की जहाज बांधणाऱ्यालाच बोलू देत. दुसरा कुणी बोलायला उठला, मग तो कितीही देखणा, श्रीमंत किंवा कुळवान असो, त्याची हुर्यो होई. तरी बसला नाही तर तिरंदाज शिपाई त्याला ओढून बाहेर नेत. (ही पद्धत आपल्याकडच्या व्याख्यानमालांत आणता येईल का, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.) पण शहराच्या भल्याबुऱ्याचा विषय निघाला, की सुतार, लोहार, मोची, व्यापारी, गरीब, श्रीमंत कुणीही उठावं आणि बोलावं. तू हे कुठे शिकलास, असं त्याला कुणी विचारत नसे. सॉक्रेटिसला हे विचित्र वाटे. प्रोटॅगोरस नावाचा पंडित त्याला उत्तर देतो की बाबा, वैद्यक एकाला आलं तरी गावाचं भागतं, पण न्यायाची चाड आणि जनाची लाज ह्या दोन वस्तू देवाने सगळ्यांना वाटल्या, कारण त्या चारदोघांकडेच राहिल्या असत्या तर गावच वसलं नसतं. मला विचाराल तर, ह्या फेरीत पंडिताने सॉक्रेटिसवर मात केली आहे.

सॉक्रेटिसच्या बाजूने झेनोफनने एक झकास किस्सा दिला आहे. पुढारीपणाची उमेद असलेल्या एका तरुणाला सॉक्रेटिस विचारतो, शहरात वैद्याची जागा भरायची आहे आणि एखादा उमेदवार उभा राहून असं भाषण करू लागला तर? की अथेन्सवासी हो, मी वैद्यक कुणाकडूनही शिकलेलो नाही, वैद्याच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिलेलो नाही, शिकलो असा संशयसुद्धा कुणाला येऊ नये म्हणून जपलो आहे, तरी जागा मला द्या, मी तुमच्यावर प्रयोग करत करत शिकेन. ऐकणारे सगळे हसले असं झेनोफन लिहितो. हसून घरी गेले असतील आणि पुढच्या सभेत कुणालातरी ह्याच लायकीवर निवडून आले असतील.

अथेन्समध्ये बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून नेमत. सेनापती मात्र हात वर करून निवडत, कारण लढाई चिठ्ठीने जिंकता येत नाही. सॉक्रेटिस चिठ्ठ्यांची चेष्टा करी. चिठ्ठी टाकून कुणी तांडेल निवडतं का, सुतार निवडतं का, असं तो विचारी. आता इ.स.पू. ४०६ ची गोष्ट पाहा. आर्गिन्युसी बेटांपाशी अथेन्सच्या आरमाराने मोठी लढाई जिंकली. पण फुटक्या जहाजांना धरून तरंगणारे आपले खलाशी वाचवता आले नाहीत. सेनापती म्हणाले, वादळ झालं. त्यांनी तांडेलांना साक्षीला आणलं. वादळ केवढं होतं हे तांडेलाहून जास्त कुणाला कळणार? पण लोक दुःखाने आणि संतापाने वेडे झाले होते. आठ सेनापतींचा निकाल एकाच मताने, एकगठ्ठा लावावा अशी सूचना आली. हे कायद्यात बसत नव्हतं. त्या दिवशी कामकाज पाहणाऱ्या पन्नास जणांत एक माणूस अडून बसला आणि शेवटपर्यंत अडून राहिला. तो सॉक्रेटिस होता. ना वकील, ना आरमारातला जाणकार. त्या जागेवर तो आला कसा? चिठ्ठीने! ज्या चिठ्ठीला तो हसत असे, तिने आयुष्यात एकदा अथेन्सला योग्य माणूस काढून दिला होता, आणि अथेन्सने त्याचं ऐकलं नाही. अथेन्समध्ये हजर असलेले सहा सेनापती मारले गेले. पुढे लोकांना पस्तावा झाला. पस्ताव्यात मात्र तेख्ने लागत नाही.

साक्षीला आलेले ते तांडेल माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण प्लेटोने दुसरीकडे एक तांडेल रंगवला आहे. तो 'गॉर्जियस'मध्येच पुढे येतो. हा तांडेल तुम्हांला एजायना बेटावरून सुखरूप आणून सोडतो आणि दोन ओबोल घेतो. थेट इजिप्तहून तुम्हांला, तुमच्या बायकामुलांना आणि सामानसुमानाला आणून सोडलं तर फार तर दोन द्राख्मा. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. अथेन्सच्या इरेक्थियम मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत, त्यांत कारागिराची एका दिवसाची मजुरी एक द्राख्मा लावलेली आहे. म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीत सगळ्या कुटुंबाचा जीव समुद्रापलीकडून आणून पोचवला. भर सभेत छाती काढून बोलावं असं हे काम. पण हा माणूस उतरतो आणि आपल्या गलबताशेजारी किनाऱ्यावर गुपचूप फेऱ्या घालत राहतो.

का? कारण आपण काय केलं आणि काय केलं नाही, ह्याचा त्याला हिशेब आहे. उतारू होते तसेच उतरले. त्यांतला एखादा असाध्य दुखण्याने पिचलेला असेल, एखादा मनाने इतका सडलेला असेल की तो पुढे जगून स्वतःचं आणि लोकांचं वाटोळंच करील. ह्यांतल्या कुणाला न बुडवून आपण भलं केलं आणि कुणाचं वाईट केलं, हे आपल्याला ठाऊक नाही, हे तो जाणतो. पोचवायचं कसं ते त्याला पुरतं येतं. पोचवावं का, ते सुकाणूत लिहिलेलं नसतं.

मला हा तांडेल एकदा प्रत्यक्ष भेटला. तो शहरातला नावाजलेला सर्जन होता. माझ्या कोकणातल्या मामांना पंच्याऐंशीव्या वर्षी मणक्यात नस दाबली जाऊन पायांची जाणीव कमी होऊ लागली होती. डॉक्टरांनी अर्धा तास खर्च करून कागदावर मणका काढून दाखवला, कुठे कापणार, काय मोकळं करणार, धोका किती, सगळं नीट समजावलं. सॉक्रेटिसने मागितलं असतं तेवढं कारण आणि वर थोडं जास्तच. मामा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी कागद पत्ता वाचावा तसा वाचला आणि म्हणाले, "डॉक्टर, कसं करणार ते कळलं. करावं का, ते सांगा."

"ते घरच्यांनी मिळून ठरवायचं, आजोबा."

"घरच्यांना त्यातलं काय कळतंय?"

"आणि मला तुमच्या घरातलं काय कळतंय?"

मामा थोडे थांबले. मग सगळेच विचारतात तो प्रश्न त्यांनी विचारला. "तुमचे वडील असते तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तर मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं असतं," ते म्हणाले.

ॲरिस्टॉटलने एके ठिकाणी लिहिलं आहे की वैद्य काही 'माणूस' बरा करत नाही, तो कॅलियसला बरा करतो किंवा सॉक्रेटिसला. त्या कागदावरचा मणका माणसाचा होता. समोर बसलेले मामा होते. करावं की न करावं हे ओळखणाऱ्या अकलेला ॲरिस्टॉटलने निराळं नाव दिलं, फ्रोनेसिस. मराठीत मला त्याच्या जवळचा एकच शब्द सुचतो, पोच. आणि तो बजावतो की तरुण पोरं भूमितीत तरबेज होऊ शकतात, ह्यात नाही, कारण ह्याला पुष्कळ पाहिलेलं असावं लागतं. पण पुष्कळ पाहिलेला माणूस तरी कुठून आणायचा? पंच्याऐंशी वर्षांचे तिथे मामाच होते.

मामा गावी परतले. तीन दिवस त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही, आणि मामींनी विचारलेल्या कशालाही उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी म्हणाले, "नको." कारण विचारलं तर म्हणाले, मोहोर आलाय. हे कारण आहे की नाही, ह्यावर मामेभाऊ आणि मामी अजून भांडतात. तो म्हणतो, केलं असतं तर हिंडते-फिरते झाले असते. ती म्हणते, टेबलावरून उठलेच नसते. दोघांपाशीही पुरावा नाही.

पुढे गणपतीला आपल्या गावी जाताना ते सर्जन वाट वाकडी करून मामांकडे आले. मीही तेव्हा तिथेच होतो. ओटीवर बसून त्यांनी कोकम सरबत घेतलं, मामांच्या पावलाला अंगठ्याने दाबून "कळतं का?" म्हणून विचारलं.

"काय डॉक्टर, चुकलो का?" मामा म्हणाले.

"चालून दाखवा."

मामा काठी घेऊन उठले. अंगणातून तुळशीपर्यंत गेले, तिथे जरा टेकले, आणि तसेच पाय ओढत परत आले. डॉक्टर पाहत होते. काही बोलले नाहीत. मग मामींना नमस्कार करून ते खाली उतरले, आणि ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत गाडीच्या बाजूने इकडून तिकडे फेऱ्या घालत राहिले.